दमणगंगेकाठचे सात वर्षांचे राज्य

मुरबाड तालुक्यात नारिवलीच्या अंगाने वर चढत गेले की सिद्धगडाचे जंगल लागते. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी त्या जंगलात आझाद दस्ता या भूमिगत क्रांतिकारकांच्या तुकडीला घेरले आणि गोळीबारात भाई कोतवाल व हिराजी पाटील धारातीर्थी पडले. कोतवाल माथेरानचे. नाभिक घरात जन्मलेले, वकील झालेले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षपद सांभाळलेले. शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या आणि मुलांसाठी शाळा उभारणारा हा माणूस बेचाळीसच्या पावसाळ्यात भूमिगत झाला. टाटांच्या जलविद्युत केंद्रांतून मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज नेणारे मनोरे पाडायचे काम दस्त्याने अंगावर घेतले. हिराजी हे मानिवलीच्या गोमाजी पाटलांचे पुत्र. पोलिसांचा अधिकारी हॉल नावाचा इंग्रज होता. शहापूर-मुरबाडकडच्या घरांत ही नावे अजून घरच्या माणसांसारखी घेतली जातात.

साताऱ्यात नाना पाटलांच्या पत्री सरकारने गावोगाव न्यायनिवाडे केले, गुंडांना दंड केले, इंग्रजांच्या नाकावर टिच्चून कारभार चालवला. आझाद दस्त्याला तेवढा अवधी मिळालाच नाही. जंगल मिळाले, माणसे मिळाली, भाकरी बांधून देणारी घरे मिळाली. राज्य उभे राहिले नाही. पण त्यानंतर साडेअकरा वर्षांनी, ठाणे जिल्ह्याच्याच उत्तर टोकाला, दादरा-नगरहवेलीत, एक राज्य खरोखर उभे राहिले. जगातल्या एकाही देशाने त्याला मान्यता दिली नव्हती, तरी ते सात वर्षे टिकले. त्याची गोष्ट पुण्याच्या नावाने सांगितली जाते, गोव्याच्या नावाने सांगितली जाते. ठाण्याच्या नावाने मात्र क्वचितच. वास्तविक ती आपल्या जंगलपट्टीची गोष्ट आहे, म्हणून ती इथून सांगायला हवी.

१९५४ चा ठाणे जिल्हा आजच्यापेक्षा पुष्कळ मोठा होता. दक्षिणेला मुरबाडचा नाणेघाट आणि उत्तरेला उंबरगाव. १९६० साली उंबरगाव गुजरातेत गेला आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला, तेव्हा शहापूर-मुरबाड मागे राहिले. पण डोंगरातल्या माणसांना या रेघा कधी कळल्या नाहीत. शहापूरच्या पाड्यांत वारली आहेत आणि नगरहवेलीतल्या सिल्वासाच्या पाड्यांतही वारलीच आहेत. मुरबाडला ज्यांना आपण कातकरी म्हणतो, त्यांनाच तिकडे काथोडी म्हणतात. जव्हार-मोखाड्याचा कोकणा तिकडेही कोकणाच. भात, नागली, वरी आणि सावकाराची खावटी ही सगळ्या पट्ट्यात सारखीच.

या पट्ट्यात पोर्तुगीज आले कसे, हे पाहायला पेशवाईत जावे लागते. १७ डिसेंबर १७७९ रोजी पुणे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. सवाई माधवराव लहान होते, कारभार नाना फडणिसांच्या हाती होता आणि इंग्रजांशी युद्ध चालू असल्यामुळे पोर्तुगीजांची मैत्री हवी होती. दमण परगण्यात वार्षिक बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांना द्यायचे ठरले. १७८३ मध्ये नगरहवेली आणि १७८५ मध्ये दादरा त्यांच्या ताब्यात गेले. एकूण बहात्तर गावे आणि क्षेत्रफळ सुमारे ४९१ चौरस किलोमीटर. दादरा म्हणजे तीनच गावांचा तुकडा, आणि तो नगरहवेलीपासून व समुद्राकाठच्या दमणपासूनही तुटलेला. भोवती सगळीकडे आधी मराठ्यांचा, मग इंग्रजांचा आणि १९४७ नंतर भारताचा मुलूख. दमणहून सिल्वासाला जायचे तर पोर्तुगीज अधिकाऱ्याला भारताच्या जमिनीवरून जावे लागे. सगळे प्रकरण पुढे या वाटेवरच फिरले.

वसूल कोण देत होता? तर वारली, धोडिया, कोकणा, दुबळा, काथोडी. जमिनी ‘अल्वारा’ नावाच्या सनदांनी बड्या धारकांकडे होत्या. १९१९ चा ‘ऑर्गनिझासाँव आग्रारिया’ हा पोर्तुगीज जमीनकायदा तिथला आधार होता आणि जंगलाचे लाकूड हे सरकारचे मोठे उत्पन्न. राबणाऱ्याच्या नावावर फारसे काही नव्हते. अर्थात सीमेच्या अलीकडे, इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात, काही वेगळे चित्र होते असे नाही.

ते चित्र बदलायला सुरुवात झाली शहापूर-मुरबाडच्या उंबऱ्यावर, टिटवाळ्याला. ७ जानेवारी १९४५ रोजी तिथे महाराष्ट्रातल्या किसान सभेची पहिली परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते त्यामागे होते. उंबरगाव-डहाणूकडून मोजके वारली आले होते, माह्या धांगडा त्यांच्यात होते. त्यांनी व्यासपीठावर उभे राहून वेठबिगारीची कहाणी सांगितली आणि परुळेकरांना आपल्या भागात यायला लावले. २३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ न करण्याचा निश्चय केला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच आदिवासी मेले, त्यांतले एक जेठ्या गांगड. तरी माघार झाली नाही. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी, ही मागणी होती. सगळा लढा अशा ठोस गोष्टींभोवती होता, म्हणूनच तो पाड्यापाड्यांत पोहोचला.

एक गोष्ट इथे स्पष्ट म्हणायला हवी. बेचाळीसच्या लढ्यात कम्युनिस्ट पक्ष बाजूला राहिला होता. भाई कोतवाल सिद्धगडावर लढत होते तेव्हा त्या पक्षाचे धोरण वेगळे होते. म्हणजे ठाण्याच्या डोंगरांत राजकारणाचे दोन प्रवाह वेगवेगळ्या वाटांनी आले. एकाला परक्याचे राज्य घालवायचे होते, दुसऱ्याला सावकार-जमीनदाराचे. १९५४ च्या पावसाळ्यात ते दोन्ही प्रवाह एकाच वेळी नगरहवेलीच्या सीमेवर येऊन उभे राहिले.

पहिल्या प्रवाहातही एकच संघटना नव्हती. मुंबईतल्या गोमंतकीयांचा ‘युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स’ होता, फ्रान्सिस मास्कारेन्हास आणि वामन देसाई त्याचे म्होरके. विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी यांचे ‘आझाद गोमंतक दल’ १९४७ पासून गोव्यात सशस्त्र काम करत होते. आप्पासाहेब करमळकरांची वेगळी मुक्तिसंघटना होती. पुण्या-मुंबईतून राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे तरुण आले. राजा वाकणकर आणि नाना काजरेकर यांनी आधी या भागात हिंडून वाटा, ठाणी आणि माणसे पाहून ठेवली. गायक-संगीतकार सुधीर फडके आणि पुढे शिवशाहीर म्हणून घराघरांत पोहोचलेले बाबासाहेब पुरंदरे या तुकडीत होते. पैसा उभा करण्यासाठी लता मंगेशकरांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला. उद्दिष्ट मात्र या सगळ्यांचे गोवा होते. दादरा-नगरहवेली हा त्या वाटेवरचा पहिला टप्पा, आणि सैन्य नसलेला म्हणून साधणारा.

दुसऱ्या बाजूला होते ठाण्याचे कम्युनिस्ट आणि त्यांच्याबरोबर जॉर्ज वाझ यांची ‘गोवन पीपल्स पार्टी’. त्यांना वाटा पाहायला हिंडावे लागले नाही. सीमेपलीकडचा वारली आणि अलीकडचा वारली यांच्यात सोयरीक होती, बाजार एक होता, लाल बावट्याची खबर पलीकडे कधीच पोहोचली होती.

२१-२२ जुलैच्या रात्री मास्कारेन्हासांच्या माणसांनी दादऱ्याच्या पोलीस ठाण्यावर चाल केली. फौजदार अनिसेतो रोझारियो मारले गेले. सकाळी तिरंगा लागला, दादरा मुक्त जाहीर झाला आणि जयंतीभाई देसाईंच्या हाती तिथल्या पंचायतीचा कारभार दिला गेला. २८ जुलैच्या रात्री आझाद गोमंतक दल आणि संघाच्या स्वयंसेवकांनी नरोळीचे ठाणे घेतले. त्या वेळी दमणगंगेला पूर असतो, वाटा चिखलाने भरलेल्या असतात, दहा पावलांवरचे दिसत नाही. आपल्याकडच्या भातखाचरांत श्रावणाच्या तोंडावर जो उभा राहिला आहे त्याला त्या रात्रींची कल्पना करता येईल.

लिस्बनने जुलैच्या अखेरच्या आठवड्यात दिल्लीकडे वाट मागितली आणि दिल्लीने ती नाकारली. दमणहून कुमक येऊ शकली नाही. वेढ्यात सापडलेला पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन व्हिर्जिलिओ फिदाल्गो सिल्वासा सोडून खानवेलच्या जंगलाकडे सरकला. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. ११ ऑगस्टला फिदाल्गो आपल्या माणसांसह सीमेवरच्या उदव्याला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. उदवे तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातले. पोर्तुगीज सत्तेचा तिथला शेवट सिल्वासाच्या कचेरीत झाला नाही, तलासरीच्या बाजूच्या एका गावात झाला.

सीमेवर मुंबई राज्याच्या राखीव पोलिसांचे अधिकारी जे. डी. नगरवाला होते, गांधीहत्येचा तपास केलेले तेच. स्वयंसेवकांना पोलिसांनी अडवले नाही, पोर्तुगीजांना अडवले. आणि कम्युनिस्टांच्या हाती सिल्वासा पडू नये ही चिंताही त्या दिवसांत होती. मोरारजी देसाई तेव्हा मुख्यमंत्री होते. तलासरी-डहाणूत लाल बावट्याने काय करून दाखवले ते त्यांच्या सरकारने जवळून पाहिले होते. वारल्यांना घेऊन कम्युनिस्ट कार्यकर्ते हवेलीच्या गावांत शिरले, पण राजधानी दुसऱ्यांनी घेतली. माझ्या मते पुढच्या सात वर्षांचा रंग त्या दिवसातच ठरला. राजधानी ज्यांच्या हाती आली त्यांचे मन गोव्याकडे होते. ज्यांचे मन इथल्या जमिनीत होते ते कचेरीबाहेर राहिले.

यात कोणाच्या शौर्याला कमी लेखायचे नाही. वाद्यावर बोटे ठेवणारा फडक्यांसारखा माणूस बंदूक घेऊन भर पावसात या रानात आला, हे मला आजही थक्क करते. त्यातल्या कित्येकांना पुढे वर्षानुवर्षे कोणी विचारले नाही. पण शौर्य झाल्यावर राज्य चालवावे लागते, आणि ती हकिगत लोकांना जवळजवळ ठाऊकच नाही.

राज्याचे नाव होते ‘मुक्त दादरा आणि नगरहवेली’. भारताने त्याला लगेच पोटात घेतले नाही. गोव्याचा प्रश्न उभा होता, जगात नेहरूंचे शांततेचे धोरण होते आणि थोड्याच काळात खटलाही उभा राहिला. म्हणून कारभार स्थानिकांच्या नावाने चालला. गावांच्या पंचायती, त्यांतून वर आलेली ‘वरिष्ठ पंचायत’ आणि तिच्या शेजारी प्रशासक. नगरहवेलीचे पहिले प्रशासक आप्पासाहेब करमळकर. पुढे गोमंतकीय अंतोनियो फुर्तादो यांनीही हे पद सांभाळले. पोर्तुगीज टपाल तिकिटांवर नवा ठसा मारून ती चालवली गेली. तिकीट जमवणाऱ्यांच्या वह्यांत हा देश आज सापडतो, तो त्या ठशामुळे.

पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ ला संयुक्त राष्ट्रसंघात दाखल झाला आणि २२ डिसेंबरला, म्हणजे आठच दिवसांनी, त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. मागणी एकच: दमणपासून या दोन तुकड्यांपर्यंत जाण्याची वाट हा आमचा हक्क आहे, तो भारताने मोडला. भारताच्या बाजूने ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड उभे राहिले, आणि भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून एम. सी. छागला बसले. मग हेगमध्ये पुणे दरबाराच्या तहावर कीस काढला गेला. १७७९ च्या तहाने मराठ्यांनी सार्वभौमत्व दिले की नुसता वसुलाचा सरंजाम? न्यायालयाने म्हटले, मराठ्यांनी दिला तो वसुलाचा हक्क, राज्य नव्हे; पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व पुढे इंग्रजांनी मान्य केले आणि भारतानेही ते चालू ठेवले.

निकाल १२ एप्रिल १९६० ला लागला. १९५४ मध्ये पोर्तुगालला खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल नेण्यापुरता वाटेचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि हत्यारे नेण्याचा नव्हता. आणि जुलै १९५४ मध्ये भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही. वाचताना जाणवते की दोन्ही बाजूंना थोडे थोडे मिळाले. पण ज्यांची बहात्तर गावे होती ते या खटल्यात पक्षकार नव्हते. न्यायालयापुढे पोर्तुगाल होता आणि भारत होता. वरिष्ठ पंचायत नव्हती.

निकालाने अडसर दूर झाला. १२ जून १९६१ रोजी वरिष्ठ पंचायतीने भारतात सामील होण्याचा ठराव एकमताने केला. पण करारावर सही करायची तर दुसऱ्या बाजूलाही सरकारप्रमुख हवा. म्हणून भारतीय प्रशासन सेवेतले के. जी. बदलानी यांना दादरा-नगरहवेलीचे पंतप्रधान नेमण्यात आले, फक्त एका दिवसासाठी, आणि त्यांनी नेहरूंबरोबर विलीनीकरणाच्या करारावर सही केली. राज्यघटनेची दहावी दुरुस्ती झाली आणि ११ ऑगस्ट १९६१ पासून तो केंद्रशासित प्रदेश झाला. डिसेंबरात गोवा मुक्त झाला.

शहापूरच्या वाचकाला इथे माहुलीचा किल्ला आठवल्याशिवाय राहणार नाही. १६३३ मध्ये दौलताबाद पडल्यावर शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातला एक लहान मुलगा पेमगिरीच्या किल्ल्यावर गादीवर बसवला आणि त्याच्या नावाने तीन वर्षे राज्य चालवले. १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजांनी त्यांना माहुलीत कोंडले. शेवटी किल्ला सुटला, तो मुलगा मोगलांच्या हवाली झाला आणि त्याच्याबरोबर निजामशाही संपली. तिथेही राज्य एका नावावर उभे होते आणि ते नाव दुसऱ्याच्या हाती देताच मिटले. फरक इतका की माहुलीत हार होती आणि दिल्लीत लोकांना हवे होते तेच घडले. विलीनीकरण योग्यच होते, त्याविषयी मला तिळमात्र शंका नाही.

माझे दुखणे मधल्या काळाचे आहे. मुंबई राज्याचा १९४८ चा कुळकायदा आणि त्याची १९५६ ची दुरुस्ती यांनी १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला. त्या दिवशी मुरबाड-शहापूरच्या कुळाला कसत असलेल्या जमिनीचा मालक समजले गेले. कागद व्हायला वर्षे लागली, सावकारांनी पळवाटा काढल्या, पुष्कळ आदिवासी कुळांची नोंदच झाली नव्हती, हे सगळे खरे. तरी सातबाऱ्यावर नाव चढायचा रस्ता उघडला. या उताऱ्यासाठी आपल्याकडे माणसे तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर दिवसच्या दिवस बसली आहेत.

दमणगंगेच्या पलीकडे तो कायदा लागू नव्हता. तो मुलूख मुंबई राज्याचा नव्हता, भारताचाही नव्हता. झेंडा बदलला होता, प्रशासक बदलले होते, तिकिटांवरचा ठसा बदलला होता. अल्वारे तशीच होती. मुक्तीच्या तीन वर्षांनंतर उदव्याचा वारली कायद्याने कसत असलेल्या जमिनीचा मालक होऊ शकत होता, आणि काही मैलांवरचा त्याचा सोयरा, जो आपल्या गावात मुक्त झाला म्हणून मिरवला गेला होता, तो पोर्तुगीज सनदेच्या जमिनीवर राबत होता. आझाद गोमंतक दलाने हे जाणूनबुजून केले, असे मी म्हणत नाही. त्यांच्यापुढे गोव्याचा तुरुंग आणि गोव्यातल्या गोळ्या होत्या, दिल्लीपुढे हेग होते. पण टिटवाळ्याच्या परिषदेत माह्या धांगडांनी जी कहाणी सांगितली, ती ऐकलेला पक्ष सिल्वासाच्या कचेरीत बसला असता तर पहिल्या वर्षीच जमिनीचा प्रश्न टेबलावर आला असता, असे मला ठामपणे वाटते.

केंद्रशासित झाल्यावरही दहा वर्षे गेली. १९६१ च्या जनगणनेत तिथे ५७,९६३ माणसे मोजली गेली. त्यांतली बहुतेक आदिवासी, आणि बहुतेक शेतीवर. अल्वारे रद्द करणारे, कसणाऱ्याला हक्क देणारे ‘दादरा आणि नगरहवेली जमीन सुधारणा विनियम’ १९७१ साली आले. तोवर १९५४ साली तिरंगा लागताना खांद्यावर बसून पाहणारी मुले स्वतः नांगर धरू लागली होती.